आपलं शहर, आपल्या पायांनी

मे महिना आला की आमच्या टपालात एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत येतो : सुट्टीत मुलांचं काय करायचं? लहानग्यांचं सोपं असतं. नानीचं घर आहे, गल्लीतलं क्रिकेट आहे, सकाळचा मकतब आहे. खरा प्रश्न पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींचा. परीक्षा संपलेली, पुढच्या प्रवेशाची वाट बघणं चाललेलं, हातात मोबाईल आणि दिवस मोठा. या महिन्यात आम्हाला या मुलांच्या आईवडिलांशी बोलायचं आहे. म्हणणं एवढंच की, या सुट्टीत मुलांना त्यांचं स्वतःचं शहर बघू द्या. तुमचं बोट धरून नको, त्यांचं त्यांना बघू द्या.

आम्ही मुंबईत राहतो, म्हणून उदाहरणं मुंबईची देतो. कुर्ला, गोवंडी, मुंब्रा, मीरा रोड इथल्या ओळखीच्या घरांतल्या मुलांना आम्ही सहज विचारून पाहिलं. दरवर्षी रायगड-रत्नागिरीला गावी जाणारी मुलं, अजमेर पाहून आलेली मुलं. पण एकट्यानं सीएसएमटीला उतरून दोन रस्ते ओलांडलेली फार थोडी. म्युझियमला जायला कुठे उतरायचं, परत येताना गाडी कुठल्या फलाटावर लागते, भायखळ्याहून ग्रँट रोडला कसं जायचं, या सगळ्याला उत्तर एकच, ‘अब्बूंना माहीत आहे.’

अब्बूंना माहीत असतंच. कुणी टॅक्सी चालवतं, कुणी क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात उभं असतं, कुणी कारखान्याचा माल पोचवत फिरतं. त्यांनी हे शहर रोजीसाठी पायाखाली घातलं. त्यांच्या मुलांना मात्र शहराचे चारच ठिपके माहीत आहेत : घर, शाळा, क्लास आणि लग्नाचा हॉल. या चार ठिपक्यांच्या मधलं सगळं शहर त्यांनी रिक्षातून येता-जाता पाहिलेलं.

किंमत कुठे मोजावी लागते?

‘नाही पाहिलं म्युझियम, तर काय बिघडलं?’ असं कुणी विचारेल. बिघडतं ते अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी. अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असतो. मुलीला गुण चांगले असतात, फोर्टातलं किंवा चर्चगेटचं कॉलेज मिळण्यासारखं असतं. पण घरात चर्चा होते ती अंतराची. ‘इतक्या लांब? रोज? एकटी?’ मग यादीत पहिलं नाव पडतं ते घरापासून दहा मिनिटांवरच्या कॉलेजचं. तिथे तिला हवा तो विषय नसला तरी चालतं. आमच्या ओळखीच्या एका घरात हे असंच घडलं. मुलगी गप्प बसली, कारण तिला स्वतःलाही खात्री नव्हती की आपल्याला रोज गाडी बदलून जाता येईल. आईवडिलांनी नाही म्हटलं, पण त्याआधी तिनंच मनात नाही म्हटलं होतं.

पुढे हेच नोकरीच्या वेळी होतं. मुलाखत अंधेरीला, मुलगा तेवीस वर्षांचा, आणि सोबत मामा. स्पर्धा परीक्षेचं केंद्र ठाण्याला पडलं की वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते. शिष्यवृत्तीचा कागद सरकारी कार्यालयात द्यायचा तर आठवडाभर घरात बैठक. शहरात रोजगार आहे, ग्रंथालयं आहेत, रुग्णालयं आहेत, न्यायालयं आहेत. पण ज्याला तिथवर जाता येत नाही, त्याला ती असून नसल्यासारखी.

भीतीबद्दल

इथे आईवडिलांच्या भीतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ती भीती खोटी नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतल्या किती तरी मुसलमान कुटुंबांनी जुनी घरं सोडली आणि ती मुंब्र्यासारख्या वस्त्यांत राहायला गेली. आपल्या माणसांत राहिलं की रात्री झोप लागते, हा त्यामागचा साधा हिशोब होता. त्या वेळी जी मुलं होती ती आज आईवडील आहेत. त्यांनी ती भीती शब्दांत सांगितली नसेल, पण ‘कुठे चाललास?’, ‘तिकडे कशाला?’ या प्रश्नांच्या सुरातून ती पुढच्या पिढीत उतरली आहे. मुलाला दाढी आहे, मुलगी बुरखा घालते, कुणी नाव विचारलं, कुणी टोमणा मारला तर, ही चिंता आज कुठल्या घरात नाही?

मोहल्ल्यानं आपल्याला सांभाळलं, हे आम्ही विसरत नाही. पण आसरा म्हणून बांधलेल्या भिंतीची मुलांना सवय लागली, तर तीच भिंत त्यांना अडवते. ज्या शहरात पाऊलच टाकलं नाही, ते शहर कायम परकं आणि भीतिदायक वाटत राहतं. मुलगा चार वेळा गाडीनं जाऊन आला, कुणाला तरी पत्ता विचारला, एखाद्या चहावाल्याशी दोन शब्द बोलला, एखाद्या म्हातारीला चढायला हात दिला, की त्याच्या ध्यानात येतं की या शहरात बहुतेक माणसं आपापल्या घाईत असतात आणि विचारलं तर रस्ता दाखवतात. क्वचित कुणी वाकडं बोलतं. तेव्हा काय करायचं, हेही बाहेर पडल्यावरच कळतं. घरात बसून ते शिकवता येत नाही.

नाव विचारलं तर नाव सांगायचं, एवढं मात्र मुलांना निक्षून सांगावं. आपलं नाव लपवायची सवय लागू देऊ नये. कॉलेजचं किंवा आधारचं ओळखपत्र खिशात असावं. पोलिसांनी कधी थांबवलं तर वाद न घालता, नीट उभं राहून उत्तर द्यावं आणि लगेच घरी फोन करावा.

सुरुवात कशी करायची?

एकदम ‘जा, फीर’ म्हणायचं नाही. पोहायला शिकवताना आपण आधी कमरेएवढ्या पाण्यात उतरवतो, तसंच इथे.

पहिल्या खेपेला तुम्ही सोबत जा, पण वाट मुलानं दाखवायची. तिकीट तो काढेल, फलाट तो शोधेल, कुठे उतरायचं ते तो सांगेल. तुम्ही मागून चालायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तो चुकीच्या बाजूच्या फलाटावर उभा राहिला तरी गाडी येईपर्यंत बोलायचं नाही. इंडिकेटर वाचून तो स्वतः परतला, तर हा धडा जन्मभर राहील.

दुसरी खेप मित्रांबरोबर किंवा बहिणींबरोबर, दोघं-तिघं मिळून. त्याहून मोठा घोळका नको. घोळक्यात एकच जण वाट शोधतो आणि बाकीचे मागे हसत चालतात.

तिसरी खेप एकट्यानं. दिवसाउजेडी, सुट्टीच्या किंवा दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी, ठरलेल्या एकाच ठिकाणी, ठरलेल्या वेळी परत.

या तीन खेपांत काही गोष्टी हाताखालून गेल्या पाहिजेत. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तीन मार्गांचा नकाशा डोक्यात बसला पाहिजे. गोवंडीच्या मुलाला कळलं पाहिजे की हार्बरची गाडी त्याला कुर्ला, वडाळा, शिवडी, डॉकयार्ड रोड असं करत थेट सीएसएमटीला आणून सोडते. मुंब्र्याच्या मुलीला कळलं पाहिजे की बहुतेक फास्ट गाड्या मुंब्र्याला थांबत नाहीत. चुकून फास्ट गाडीत बसलीच तर घाबरायचं नाही, पुढच्या थांब्यावर उतरून उलट्या दिशेची स्लो गाडी धरायची. बेस्टच्या बसवर नंबर मराठी आकड्यांत असतो, तो दुरून वाचता आला पाहिजे. ज्या थांब्यावर उतरलो, त्याच्या समोरच्या बाजूला परतीचा थांबा असतो. पण एकेरी रस्ता असेल तर तो शेजारच्या रस्त्यावर असतो. धावती गाडी पकडायची नाही, दारात लटकायचं नाही आणि रूळ ओलांडायचे नाहीत. पूल असतो तो चढायचा. या तीन गोष्टींत सवलत नाही.

मोबाईलवरचा नकाशा जरूर वापरावा. पण घरचे दोन फोन नंबर पाठ हवेत आणि कागदावर लिहून खिशातही हवेत. बॅटरी संपली की नकाशाही जातो आणि नंबरही. मदतीसाठी ११२, रेल्वेसाठी १३९ आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ हे नंबर त्याच कागदावर लिहावेत.

खर्चाची काळजी नको. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं सर्वांत कमी भाडं ५ रुपये आहे. बाटलीत पाणी, डब्यात दोन चपात्या आणि अंड्याची भुर्जी दिली की दिवसाचा खर्च एखाद्या हॉटेलातल्या बिर्याणीपेक्षा कमी होतो.

एका दिवसाची वाट

पहिल्या दिवसासाठी आम्ही सुचवतो ती वाट सीएसएमटीपासून सुरू होते आणि मशीद स्टेशनवर संपते. तसं पाहिलं तर हे दोन स्टेशनांमधलं अंतर. गाडीनं दोन-तीन मिनिटांचं. चालत मात्र अख्खी सकाळ जाते.

स्टेशनाच्या बाहेर येऊन आधी मागे वळून बघावं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत १८८८ मध्ये पुरी झाली. तिच्यावरची पानं, फुलं, प्राणी घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता, म्हणजे साधारण आपल्या मुलांच्याच वयाच्या पोरांचा. २००४ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा ठरवलं. याच परिसरातून, बोरीबंदराहून, १६ एप्रिल १८५३ ला हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली. मुंब्र्याहून येणारं मूल आज त्याच मार्गावरून येतं.

समोर रस्ता ओलांडला की अंजुमन-ए-इस्लामची इमारत. ही संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. स्थापन करणाऱ्यांत पुढे होते बद्रुद्दीन तय्यबजी. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी ते शिकायला विलायतेला गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, १८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. ज्या काळात मुसलमान घरांत मुलींच्या शाळेचं नाव निघत नसे, त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातलं. सोळा वर्षांचं आपलं मूल त्या दारासमोर उभं राहून हे वाचेल, तेव्हा त्याला वेगळं काही समजावायची गरज पडणार नाही.

तसंच पुढे चालत गेलं की जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि मग क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ ची ही इमारत. दारावरच्या दगडात शेतकऱ्यांची आणि बाजाराची चित्रं कोरलेली आहेत. ती आखली लॉकवुड किपलिंग यांनी. ते जे. जे. मध्ये शिकवत. आपल्यातले किती तरी लोक या दारातून हजारदा गेले असतील. मान वर करून बघणारे किती?

मार्केटच्या पलीकडे, जव्हेरी बाजाराच्या तोंडाशी जामा मशीद. बांधकाम १७७५ मध्ये सुरू झालं आणि १८०२ मध्ये संपलं. जुन्या तळ्यावर ती उभी आहे. पाण्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या कमानींवर तिचा भार आहे आणि त्या पाण्यात मासे फिरत असतात. कोकणी मुसलमानांचं या मशिदीशी नातं जुनं आहे. आपल्या गावाकडच्या दर्यावर्दी आणि व्यापारी माणसांनी या शहराच्या मध्यभागी काय उभं केलं, ते इथे दिसतं. आत जाताना तिथल्या खिदमतगारांना विचारून जावं.

तिथून गर्दीतून, कपड्यांच्या आणि सुक्या मेव्याच्या दुकानांतून वाट काढत मांडवी भागात सॅम्युअल स्ट्रीटला यायचं. इथे ज्यूंचं एक प्रार्थनास्थळ आहे, शाआर हारहामीम. ते १७९६ मध्ये स्थापन झालं. स्थापन करणारे सॅम्युअल दिवेकर बेने इस्राएल समाजातले. हा समाज रायगडच्या किनाऱ्यावरून मुंबईत आलेला, घरात मराठी बोलणारा. ते आपल्या प्रार्थनाघराला ‘मशीद’च म्हणत आणि शेजारच्या मशीद स्टेशनला नाव पडलं ते यावरूनच, असं सांगतात. आपण आजवर समजत होतो की ते नाव आपल्या मशिदीवरून आलं! एका स्टेशनाच्या नावात दोन समाज, एक भाषा आणि एकच किनारा असा दडलेला आहे. गाडीतून जाताना हे कुणाला कळणार?

मशीद स्टेशनवर हार्बरच्या आणि मध्य रेल्वेच्या स्लो, दोन्ही गाड्या थांबतात. इथून घरी.

पुढच्या दिवसांसाठी अशी ठिकाणं कितीही आहेत. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या दाराशीच भाऊ दाजी लाड संग्रहालय, बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. बुधवारी दोन्ही बंद असतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. माहीमला मखदूम अली माहिमी यांचा दर्गा, चौदाव्या-पंधराव्या शतकात कुरआनावर भाष्य लिहिणारा हा विद्वान मुंबईच्याच मातीतला. फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे. त्याचा घुमट बघून विजापूरचा गोल घुमट आठवतो, आणि तो तसा मुद्दामच बांधला आहे.

दोन ठिकाणी मात्र प्रत्येक मुलानं जायलाच हवं. एक, ग्रँट रोडजवळचं ऑगस्ट क्रांती मैदान. ८ ऑगस्ट १९४२ ला इथे ‘भारत छोडो’चा ठराव झाला. ही घोषणा ज्यांनी दिली ते युसूफ मेहेरअली मुंबईतच जन्मले, आणि त्या वर्षी शहराचे महापौर होते. त्याआधी १९२८ मध्ये सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरलं, तेव्हा ‘सायमन परत जा’ असं बजावणारेही तेच, वय वर्षं चोवीस. दुसरं, हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव जागं करणाऱ्या शाहिरांत बार्शीचे अमर शेख होते. त्यांचं खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. मराठी बोलणाऱ्या मुसलमान मुलाला कधी कुणी विचारलं, ‘तुझा या शहराशी संबंध काय?’, तर त्यानं या दोन जागा आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या असाव्यात.

दादांचं शहर

आणखी एक वाट आहे. ती पुस्तकात मिळत नाही, घरातच मिळते. दादा-दादी, नाना-नानी यांना विचारा, ‘मुंबईत पहिल्यांदा आलात तेव्हा कुठे उतरलात?’ कोकणातल्या जुन्या पिढीतलं उत्तर पुष्कळदा एकच असेल : भाऊचा धक्का. तेव्हा कोकणातून बोटीनं यायचे. धक्का बांधणाऱ्या लक्ष्मण हरी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचं नाव त्याला पडलं. आज कोकणच्या त्या बोटी नाहीत, पण रेवसला आणि मोऱ्याला लाँच अजून सुटतात, कोळणींचा बाजार अजून भरतो. हार्बरच्या डॉकयार्ड रोडला उतरून तिथे जाता येतं.

नातवानं एकट्यानं तिथे जावं. दादा कुठे उतरले, पहिल्या रात्री कुणाच्या खोलीवर गेले, पहिली नोकरी कुठल्या गोदीत किंवा गिरणीत केली, हे आधी वहीत लिहून घ्यावं आणि एकेक जागा शोधावी. काही जागा सापडतील, काहींच्या जागी टॉवर असतील. संध्याकाळी येऊन दादांना सांगावं. आजवर दादा सांगायचे आणि पोरं कंटाळायची. आता पोरगा सांगेल आणि दादा मध्येच थांबवतील, ‘तिथे कोपऱ्यावर इराण्याचं हॉटेल होतं, ते आहे का?’ अशा वेळी घरातला टीव्ही आपोआप बंद होतो.

मुलींचं काय?

हे वाचताना अनेक घरांत मान डोलली असेल, पण मनात चित्र मुलाचंच आलं असेल. म्हणून हे वेगळं लिहितो.

आपल्याकडे मुलाला फिरायची मुभा आहे, पण तो फिरत नाही. नाक्यावर रात्री बारापर्यंत उभा असतो. त्याला शहर माहीत होत नाही, नाका माहीत होतो. मुलगी नाक्यावर उभी राहत नाही आणि शहरातही जात नाही. कॉलेजात पुढे मात्र पुष्कळदा तीच असते. मग प्रवासाची तालीम आधी कुणाला हवी?

लोकलमध्ये महिलांचा डबा आहे. तो फलाटावर कुठे येतो, ते रोजच्या बायकांना विचारून घ्यावं. डब्यात गेल्या की त्याच बायका जागाही करून देतात आणि कुठल्या बाजूला उतरायचं तेही सांगतात. बुरख्याचा अडसर कुठेच होत नाही. जिन्यावर आणि गाडीत चढताना टोक सावरावं, एवढंच. वेळ अशी ठरवावी की जोहर घरी पढून निघावं आणि मगरिबच्या आत परतावं. मधल्या असरचा प्रश्न येतो. मुंबईतल्या सगळ्या मशिदींत बायकांसाठी जागा नाही. जिथे आहे तिथली माहिती ओळखीच्या बायकांकडून घेऊन ठेवावी. पिशवीत पातळ जानमाज असावी. स्वच्छतागृह कुठे आहे, हे निघण्याआधी ठरवावं. संग्रहालयांत, मोठ्या ग्रंथालयांत आणि मॉलमध्ये सोय असते. हे लिहायला संकोच वाटतो खरा, पण किती मुली केवळ या एका कारणानं दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग बाहेर पडणंच टाळतात.

आता अवघड गोष्ट. गर्दीत कुणी छेड काढली तर? मुलीला आधीच सांगून ठेवा : गप्प बसायचं नाही, मोठ्यानं बोलायचं, बायका उभ्या असतील तिकडे सरकायचं, पोलिसाला सांगायचं, ११२ ला फोन करायचा. हे सगळं बरोबर. पण त्याहून मोठं काम आईवडिलांचं आहे. मुलीनं घरी येऊन असं काही सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, ‘बस्स, उद्यापासून जायचं नाही,’ तर काय होईल? चूक दुसऱ्याची आणि शिक्षा तिला. पुढच्या वेळी ती जाईल की नाही सांगता येत नाही, पण तुम्हाला सांगणार मात्र नाही. आणि न सांगणारी मुलगी खरी असुरक्षित असते. म्हणून त्या संध्याकाळी तिला पाणी द्या, सगळं ऐकून घ्या, ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा. दोन दिवसांनी पुन्हा जायला निघाली तर एक खेप सोबत जा. वाट बंद करू नका.

खाला, फुफी, शेजारीण काय म्हणतील, याचंही उत्तर तयार ठेवा. ‘मी पाठवलं आहे,’ एवढं आईनं किंवा वडिलांनी ठामपणे म्हटलं की बोलणारे गप्प होतात. कुरआनात माणसाला पृथ्वीवर फिरून पाहायला पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, याचीही आठवण करून द्यायला हरकत नाही.

परतल्यावर

मूल घरी आलं की पहिला प्रश्न ‘इतका वेळ कुठे होतास?’ असा नको. ‘काय पाहिलंस?’ असा हवा. दस्तरख्वानवर त्याला दहा मिनिटं बोलू द्या. कुठे चुकला, ते विचारा आणि हसून घ्या. महिनाभरानं त्याच्यावर एक काम सोपवा : धाकट्या भावंडांना घेऊन जा, नाहीतर दादीला घेऊन जा. ज्याला दुसऱ्याला नेता आलं, त्याला वाट पक्की कळली.

मुंबईबाहेरच्या वाचकांनी हे आपल्यासाठी नाही, असं समजू नये. सोलापूरच्या मुलांनी चार हुतात्म्यांच्या चौकात उभं राहून कुर्बान हुसेन हे नाव वाचावं. १२ जानेवारी १९३१ ला आपल्या तीन सोबत्यांबरोबर ते येरवड्याला फासावर गेले. मिरजेच्या मुलांनी सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याचा भोपळा कसा तयार होतो ते बघावं, मग मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी जावं. औरंगाबादच्या मुलांनी पाणचक्कीचं पाणी येतं कुठून याचा माग काढावा. तो काढताना त्यांना मलिक अंबर भेटेल, त्यानं वसवलेलं गाव आणि त्यानं जमिनीखालून आणलेलं पाणी भेटेल. लहान गाव असेल तर जुनी वेस, नदीचा घाट, बंद पडलेली जिनिंग मिल, काही तरी असतंच. सायकल आणि एक वही पुरते.

आमची विनंती अशी. या अंकाबरोबर घरात बसून एक तारीख ठरवा, एक ठिकाण ठरवा आणि वर सांगितलेली पहिली खेप करून टाका. जून उजाडून पाऊस सुरू व्हायच्या आत दुसरी आणि तिसरीही होऊ शकते. मग मुलामुलींनी स्वतःच्या हातानं आम्हाला एक पान लिहून पाठवावं : कुठे गेलो, कसे गेलो, वाट कुठे चुकलो, कुणी मदत केली आणि काय पाहिलं. गावाचं नाव आणि वय लिहावं. पुढच्या महिन्यात ही जागा आम्ही त्यांच्या पत्रांसाठी राखून ठेवतो आहोत.